चोकचं वळण

माझा साडू गाड्यांबद्दल बोलायला लागला की मी चहा संपवून उठतो. उठून जायला जागा नसते, कारण घर माझंच असतं. तरी उठतो.

त्याला सगळे चोक म्हणतात. जुन्या गाड्यांना डॅशबोर्डखाली एक खुंटी असायची. गार इंजिन सुरू करताना ती ओढली की इंजिनला जास्त पेट्रोल मिळायचं. ती खुंटी म्हणजे चोक. नव्या गाड्यांतून ती गेली त्याला जमाना झाला. याच्या गाडीत अजून आहे. रोज सकाळी हा ती ओढतो, इंजिन खोकत खोकत सुरू होतं, आणि कुठेही जायचं नसताना हा बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो. गल्लीतल्या खिडक्या पटापट लागतात. "इंजिन गरम करतोय," म्हणतो. कशासाठी, ते विचारायचं नाही. विचारलं की अर्धी सकाळ गेली.

मी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डर होतो. कानात कापसाचे बोळे, डोळ्यांवर काच, तोंड बंद. काम असंच व्हायचं. चोक स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून रिटायर झाला. ब्रेक लायनरचा डबा हातात घेऊन, वर काय लिहिलंय ते न वाचता, कोणत्या गाडीचा ते सांगायचा. हे खरं आहे, मी पाहिलंय. पण सांगून झाल्यावर गप्प बसायचा नाही. गिऱ्हाईक लायनर न्यायला यायचं आणि व्याख्यान घेऊन जायचं. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. एवढ्या एका नात्यापायी मी आयुष्यभर त्याचं ऐकत आलो.

त्याच्या मते गाडी म्हणजे काय, हे जगाला आता कळेनासं झालंय. सगळ्या गाड्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. तोंडं बघा, सगळ्यांची रागावलेली. घरात आई-बाप, दोन मुलं, आणि गाडी मात्र रणगाड्याएवढी. पूर्वी हीटरचं बटण अंधारातही हाताला सापडायचं, आता काचेवर बोट घासत बसा. यातलं निम्मं मलाही पटतं. पण पटलेलं वाक्य माणूस दहाव्यांदा ऐकतो तेव्हा त्याला उलट बाजू घ्यावीशी वाटते.

मागच्या वर्षी त्याच्या जावयानं नवी गाडी घेतली आणि सासऱ्याला दाखवायला आणली. बिचारा गरीब स्वभावाचा. मी म्हटलं, नको आणू, फोटो पाठव. पण आला.

चोकनं गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडायला लावलं. आत सगळ्यावर मिळून एक काळं प्लास्टिकचं झाकण.

"इंजिन कुठाय?"

"त्याच्या खालीच आहे, बाबा."

"लाज वाटते का त्याला? झाकून कशाला ठेवलंय?" मग डिकीकडे गेला. "स्टेपनी?"

"स्टेपनी नाही येत आता. पंक्चर झालं तर ही बाटली आहे. चाकात फेस सोडायचा."

"फेस." चोक माझ्याकडे वळला. "वेल्डर, ऐकलंस का? चाकाची दाढी करायची."

जावई हसला. हसायला नको होतं, कारण चोक मग खूश होऊन चालवायला बसला. मी शेजारी, मागे जावई आणि ताई. ताई म्हणजे चोकची बायको. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणून मीही ताईच म्हणतो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर चोक सवयीनं पांढऱ्या पट्ट्याच्या थोडा पलीकडे गेला. स्टिअरिंग आपोआप उलटं वळलं. त्यानं पुन्हा ओढलं. स्टिअरिंगनं पुन्हा ढकललं. मला तर दोन माणसं एका चादरीसाठी भांडतायत असं वाटलं.

"कोण ओढतंय?"

"गाडी ओढतेय, बाबा. तुम्ही पट्टा ओलांडताय."

"अरे, मी बघतोय ना!"

मग सिग्नलला इंजिन बंद झालं. पेट्रोल वाचवायला ते होतं, क्लच दाबला की परत सुरू होतं. याला वाटलं बंद पडली. किल्ली फिरवायला हात घातला, तर किल्लीच नाही. मागून हॉर्न सुरू झाले. गाडी टिंग टिंग करायला लागली.

"अरे, काय टोकते ही सारखी! बायकोसुद्धा इतकं टोकत नाही."

"टोकते," मागून ताई म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही."

परत आल्यावर त्यानं निकाल दिला. "सगळं सोड. आवाज कुठाय? इंजिनचा गळा दाबलाय. गाडी चालू आहे की बंद, माणसाला कळायला नको?" इंजिनचा आवाज मला नीट येत होता. हळू होता, पण येत होता. म्हटलं, याच्या अतिशयोक्तीत आणखी एकीची भर.

रविवारी टीव्हीवर मोठ्या शर्यती असल्या की तो माझ्याकडे येतो, कारण ताई त्याला घरी आवाज वाढवू देत नाही. माझ्याकडे येऊन वाढवतो. माझी बायको स्वयंपाकघराचं दार लावून घेते. आणि मग सुरू.

"बघ, बघ. हा पुढच्याला गाठू शकतो, पण गाठत नाही. का? टायर जपतोय. अरे, शर्यतीला आलास की वरातीला?"

मी शेंगा सोलत बसतो.

"आता कानात कोणीतरी सांगणार, आता जोरात जा. मग हा जोरात जाणार. मग सांगणार, पुरे. शहाण्या, तुझं तुला कळत नाही का? आणि ओव्हरटेक करायचा तर मागचा पंख उघडतो. बटण दाबायचं, पंख उघडला, गेला पुढे. यात त्या पोराचं काय?"

"मग बघतोस कशाला?"

"कोणीतरी बघायला पाहिजे ना."

मला स्वतःला त्या शर्यतींत एकच गोष्ट बघावीशी वाटते. गाडी आत आली की चाकं बदलणारी माणसं. गुडघ्यावर बसतात, काम करतात, हात वर करतात, मागे होतात. एक शब्द नाही. मी हे बोललो की चोक म्हणतो, "त्यात काय?" तर असा आमचा रविवार.

एवढं असूनही मी दर वर्षी त्याच्याबरोबर घाटात जातो, आणि ते मी स्वखुशीनं करतो. आमच्या गावाबाहेर डोंगरात चढणारा एक जुना रस्ता आहे. वर्षातून एकदा मोटार क्लबवाले तो बंद करून तिथे शर्यत घेतात. गाड्या एकेक करून सोडतात, खालून वर, आणि घड्याळ लावतात. धावणारेही साधेच, कोणी बेकरीवाला, कोणी इलेक्ट्रिशियन. वळणावळणावर झेंडेवाल्यांची जोडी उभी असते. आम्ही दोघं पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर. केसांत पांढरं नव्हतं तेव्हापासून.

जोडीचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. एक खाली बघतो, येणाऱ्या गाडीकडे. एक वर बघतो, गेलेल्या गाडीकडे. वरची गाडी घसरली, आडवी झाली, तर वर बघणारा ओरडतो आणि खाली बघणारा पुढच्या गाडीला पिवळा झेंडा दाखवतो. मान वळवायची नाही. आपण मागे बघितलं आणि त्याच वेळी समोर काही झालं, तर ते कोणीच बघितलेलं नसतं.

खाली बघतो मी. झेंडा, शिटी आणि वॉकीटॉकी माझ्याकडे. वर बघतो चोक, आणि त्याच्याकडे झाडू.

झाडू नियमात नाही. तो चोकचा. टाकीच्या वळणावर गाड्या आतली कडा कापतात आणि कडेची खडी चाकांबरोबर रस्त्यावर येते. पुढची गाडी त्या खडीवर घसरते. म्हणून एक गाडी वर दिसेनाशी झाली आणि दुसरी यायची आहे, तेवढ्यात चोक रस्त्यावर उतरतो आणि खडी झाडून काढतो. हे काम तो जीव तोडून करतो. मी कामाच्या बाबतीत कोणाला सहज शाबासकी देत नाही. पण ती आतली कडा तो अशी काढायचा की तिथे जेवायला बसावं. सगळ्या घाटात गाडी कधी घसरली नाही असं ते एक वळण. धावणारे त्याला चोकचं वळण म्हणतात.

रस्त्यावरून बाजूला कधी व्हायचं, ते तो कानानं ठरवायचा. खाली पुलाजवळ एक वळण आहे, तिथे गाडी गिअर उतरवते आणि इंजिनचा सूर बदलतो. तो सूर ऐकला की चोक झाडू उचलून बाजूला. गाडी मला दिसली की मी शिटी मारायची, असा नियम. मी नियमानं मारायचो. पण तोपर्यंत हा टाकीच्या कठड्याला टेकून सांगतही असायचा, "बेकरीवाला आला. तिसऱ्यात आणतोय, दुसऱ्यात आणायला हवी होती." पाठमोरा. रोजच्या आयुष्यात हा माणूस जे काही बडबडतो, त्यातलं एवढंच मला कधी खटकलं नाही.

या वर्षी क्लबची मीटिंग झाली टायरच्या दुकानामागच्या खोलीत. लोखंडी खुर्च्या, कपाटावर धूळ खाणारे कप. सेक्रेटरी आता एक तरुण मुलगी आहे. स्वतः गाडी चालवते, बोलायला स्पष्ट. तिनं सांगितलं, या वर्षी विजेच्या गाड्याही धावणार.

चोक उभा राहिला. "त्यांना धावू नका म्हणत नाही मी. पण त्याला शर्यत का म्हणायचं? मिक्सरची शर्यत लावा मग."

"काका, मिक्सरला आवाज असतो," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"तोच तर मुद्दा आहे ना," सेक्रेटरी म्हणाली. "काका, तुम्ही गाड्यांच्या मध्ये रस्त्यावर उतरता. आवाजावर. आता आवाज नसलेल्या गाड्या येणार. म्हणून सरावाच्या दिवशी मी स्वतः प्रत्येक वळणावर बघणार. जी जोडी मला सुरक्षित वाटणार नाही, ती शर्यतीच्या दिवशी पार्किंगला."

पार्किंग. म्हणजे खाली शेतात उभं राहून लोकांच्या गाड्या ओळीत लावून घ्यायच्या. वळण सोडा, रस्तासुद्धा दिसत नाही. चोक खाली बसला. त्यानंतर मीटिंगभर एक शब्द बोलला नाही, आणि असं झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "वेल्डर, पार्किंगला गेलो तर मी परत नाही यायचो. सांगून ठेवतो. वर्षभर मी कशाची वाट बघतो, तुला ठाऊक आहे."

"तिनं काय चुकीचं सांगितलं?"

"चुकीचं कोण म्हणतंय? विजेची असेल तेव्हा मी तुझ्याकडे बघत राहीन. तू हात कर, मी बाजूला. बाकीच्यांना माझे कान पुरेत."

ताईनं मला वेगळं गाठलं. "तुम्ही असता म्हणून मी पाठवते. यांचं काही खरं नाही. झाडणंबिडणं राहू द्या म्हणावं."

"मी म्हणून बघितलंय."

"परत म्हणा."

परत म्हटलं. तो म्हणाला, "मग वळण कशाला घ्यायचं? नुसतं उभं राहायला खांब आहेत की."

सरावाच्या दिवशी हवा स्वच्छ होती. आम्ही नारिंगी जाकिटं चढवून लवकर जाऊन उभे राहिलो. सेक्रेटरी आमच्या वळणावर येऊन टाकीच्या पायऱ्यांवर बसली. चोकनं तिला नमस्कारही केला नाही. झाडूची काडी न् काडी सरळ करत बसला.

पहिल्या आल्या विजेच्या. वॉकीटॉकीवर आलं, "सुटली." चोक रस्त्यावर होता, पण तोंड माझ्याकडे. झाडताना सुद्धा नजर माझ्यावर. मी हात केला, तो झटकन बाजूला. गाडी आली, नुसतं टायरचं चर्र आणि वारा, आणि गेली. दुसरी आली, तेच. तिसरी, तेच. सेक्रेटरीनं अंगठा वर केला. चोकनं ते बघून न बघितल्यासारखं केलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, अवघड ते झालं, आता सोपं उरलं.

मग जुन्या गाड्यांचा गट. पहिली गेली. ती कोणा नवशिक्याची होती, वरच्या वळणांवर रेंगाळत, गुरगुरत चढत होती. तिनं आतली कडा चांगलीच ओरबाडली होती, बरीच खडी रस्त्यावर आली. चोक उतरला. आता त्याला माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं. पाठ खाली, तोंड वर, दोन्ही हातांनी झाडू.

"सुटली," वॉकीटॉकीवर आलं. ही बेकरीवाल्याची. त्याची गाडी म्हणजे चोकचा जीव की प्राण. दोन कार्बोरेटर, सायलेन्सर नावालाच. आख्ख्या डोंगराला कळतं की बेकरीवाला निघाला. पुलाजवळ तिचा सूर बदलला, मी ऐकला, टाकीवरचे पक्षी उडाले.

चोक झाडत होता.

मला वाटलं, शेवटची खडी काढतोय. गाडी पुलाच्या वळणातून बाहेर पडली, मला दिसली. मी शिटी मारली, पण गाडीच्या गडगडाटात ती बुडाली. चोक झाडत होता. पुन्हा मारली, पिवळा झेंडा जोरानं हलवला आणि सगळा जोर लावून ओरडलो. त्यानं मान वर केली. वर. वरच्या वळणाकडे बघितलं, नवशिक्याच्या गाडीचा आवाज येत होता तिकडे, आणि पुन्हा खाली वाकला.

मग मी नियम मोडला. जागा सोडली, धावलो, त्याच्या जाकिटाची कॉलर धरली आणि ओढला. आम्ही दोघं कठड्याजवळ पडलो. बेकरीवाल्यानं माझा झेंडा बघितला होता म्हणून ब्रेक आधीच लागले होते. गाडी चाकं घासत, मागचा भाग फिरवत आली आणि वळणात आडवी होऊन थांबली. झाडू तिच्या खाली.

सेक्रेटरी वॉकीटॉकी हिसकावून घेऊन ओरडत होती, "थांबवा, सगळं थांबवा!"

बेकरीवाला उतरला. आधी शिव्या देणार होता, तोंड उघडलंही. मग त्यानं खाली बसलेल्या माणसाला नीट बघितलं.

"चोक? अरे, तुला माझी गाडी ऐकू आली नाही? माझी?"

"आली की," चोक म्हणाला. "आली. पण मला वाटलं, वरचीच..." आणि थांबला.

मी त्याच्या कोपरावरचं खरचटलेलं पुसत होतो. संताप आला होता. मला म्हणायचं होतं, इतकी वर्षं जगाच्या इंजिनांना नावं ठेवलीस, जरा स्वतःच्या कानात बघायचं होतंस. म्हटलं नाही. त्याचा चेहरा बघून म्हणवलं नाही.

सेक्रेटरी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "काका, लागलंय का?"

"नाही."

"मग खरं सांगा. काय झालं?"

पळवाट समोर होती. वरची गाडी रेंगाळत होती, दोन आवाज एकात एक मिसळले, कोणाचंही फसलं असतं. मी स्वतः तसं सांगायला तोंड उघडणार होतो. चोकनं माझ्याकडे बघितलं, आडव्या गाडीकडे बघितलं, ब्रेकच्या काळ्या रेघा थेट त्याच्या झाडूपर्यंत आल्या होत्या तिकडे बघितलं.

"या कानानं," त्यानं डाव्या कानाला हात लावला, "काही येत नाही. दुसऱ्यानं येतं. पण आवाज कुठून येतोय, ते कळत नाही. मागून की पुढून. वरून की खालून. बरेच दिवस झाले. मला वाटायचं, गाड्याच तशा झाल्यात."

बेकरीवाल्यानं उगाच बॉनेटवर हात फिरवला.

"रस्त्यावर उतरायचं नाही मग," सेक्रेटरी म्हणाली. "या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही."

"नाही उतरत."

"पार्किंगला..."

"थांब, पोरी," चोक म्हणाला. उठून उभा राहिला. जाकीट झटकलं. "पार्किंगला पाठवायचं तर पाठव, जाईन. पण आधी एक सांग. खाली बघणाऱ्याला कान किती लागतात?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "जोडीदाराच्या हाकेपुरते आणि वॉकीटॉकीपुरते."

"ती माझ्या चांगल्या कानाला बांध. डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या. मी खाली बघतो, हा वर बघेल. हाच झाडेल."

"मी?" मी म्हटलं.

"मग कोण? कान शाबूत आहेत तुझे. कापूस घालायचास ना."

माझ्या पाठीचं विचारायला कोणाला सुचलं नाही. सेक्रेटरीनं वॉकीटॉकीवरून पुलाजवळच्या माणसाला सांगितलं, तिथली कोणतीही एक गाडी वळणावर आणून उभी कर. गाडी आली. आमच्या इथून काडेपेटीएवढी दिसत होती.

"नंबर वाचा, काका."

चोकनं तो न अडखळता वाचला. तिनं खालून विचारून घेतला, बरोबर निघाला. "आणि त्याला सांग," चोक म्हणाला, "दारावर आगीच्या ज्वाळा चिकटवल्यानं गाडी पळत नाही."

"एका अटीवर," ती म्हणाली. "गाडी पुलाचं वळण सोडायच्या आधी शिटी. एकदा जरी उशीर झाला, तर शर्यत चालू असताना तुम्हाला खाली नेईन. आणि सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे."

"रविवारी शर्यत होऊ दे, मग सोमवारचं बघू."

"सोमवारी," मी म्हटलं. "ताईला मी सांगणार आहे."

"चुगलखोर," तो म्हणाला.

ताईला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी तीन तीन वेळा हाका मारते, ते हा माणूस ऐकूनही उत्तर देत नव्हता असं नाही तर." आणि चहा टाकायला उठली.

शर्यतीच्या दिवशी मी झाडू घेऊन उभा होतो. नवा झाडू, जुन्याचे बेकरीवाल्याच्या गाडीखाली तुकडे झाले होते. पाठ खाली करून रस्त्यावर वाकायचं आणि मागून येणाऱ्या गाडीसाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायचं, हे काय असतं ते मला पहिल्या गाडीनंतर कळलं. बूट जड होतात. तीन हात झाडायला जन्म लागतो. मला कान होते, तरीही मी त्या शिटीची वाट बघत होतो.

शिटी वाजली. मी उडी मारून कठड्याला. वळून बघतो तर रस्ता रिकामा. पुलावरसुद्धा काही नाही. बराच वेळ गेला, मग गाडी आली.

"इतक्या लवकर?" मी म्हटलं.

"झाडांच्या फटीतून टप दिसला."

"टप? अरे, अजून निम्मा घाट होता मध्ये."

"तू बाजूला हो, मग बोल."

दुसऱ्या गाडीला तेच, तिसऱ्याला तेच. झाडू टेकवतो न टेकवतो तोच शिटी. मी शिव्या घालत बाजूला होत होतो. अर्धवट काम माझ्या हातून कधी सुटलेलं नाही, आणि इथे दर वेळी आतली कडा तशीच राहत होती. विजेच्या गाडीला तर यानं ती सुटल्याचं ऐकलं तेव्हाच शिटी फुंकली. मी सांगायला वळलो, तर तो झेंडा छातीशी धरून, मान पुढे काढून पुलाकडे बघत होता. पापणी लववत नव्हता, आणि तोंड चक्क बंद. मी पुन्हा वर बघायला लागलो.

बेकरीवाल्याच्या वेळी सुद्धा शिटी आधीच वाजली, आणि मी आधीच बाजूला झालो. गाडी डोंगर हलवत आली. आतल्या कडेला राहिलेल्या खडीवर तिचं मागचं चाक जरासं सरकलं, सावरलं, आणि ती वर गेली.

चोकनं मान वळवली नाही. खालीच बघत म्हणाला, "घसरला ना? टायर ओरडलं तेवढं कळलं मला. वेल्डर, ती कडा कोण झाडणार?"